दामदुपटीची मर्यादा

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राच्या पुरवणीत बोस्टन व फिलाडेल्फिया या नगरांस प्रत्येकी १,००० पौंडांची देणगी लिहिलेली होती. आणि तिची शर्त अशी की, उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना ही रक्कम दोन जामीन घेऊन दरसाल शेकडा ५ व्याजाने द्यावी, त्यांनी वर्षाकाठी मुद्दलाचा दहावा हिस्सा व्याजासह फेडावा, आणि परत आलेला पैसा तशाच दुसऱ्या होतकरू हातांत जावा. शंभर वर्षांत प्रत्येक देणगीचे १,३१,००० पौंड होतील, असा त्यांचा अदमास होता. तो पुरता खरा ठरला नाही, कारण कर्ज मागणारे कारागीर घटत गेले आणि काहींकडून वसूलही झाला नाही. तथापि दोन शतके लोटली तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख आणि फिलाडेल्फियाच्या निधीत २० लाखांहून अधिक डॉलर जमले होते.

चक्रवृद्धीचा हा महिमा आपल्या संसारातही अनुभवास येतो. शेकडा ८ दराने ठेवलेले १,००० रुपये नऊ वर्षांत दुप्पट होतात आणि छत्तीस वर्षांत सुमारे १६,००० होतात. सरळ व्याजाने तेवढ्याच काळात ते ३,८८० वरच थांबतात. त्यातही पहिल्या नऊ वर्षांची भर अवघी १,००० ची आणि अखेरच्या नऊ वर्षांची ८,००० ची, हे जो नीट ध्यानी घेईल तो पहिल्या पगारापासून शिल्लक टाकू लागेल आणि ती मध्येच मोडणार नाही. अशा धीराविषयी मला मनापासून आदर आहे.

परंतु काळ स्वतः काही पिकवीत नाही. पेटीतला रुपया छत्तीस वर्षांनीही रुपयाच राहतो. तो वाढतो तो कोणीतरी कर्ज घेऊन, राबून, आपल्या मिळकतीतला वाटा आपल्याला देतो म्हणून, आणि त्या माणसाची मिळकत व्याजाच्या वेगाने वाढत नसेल तर तेच गणित त्याच्या गळ्याचा फास होते. आपल्या धर्मशास्त्रकारांनी हे ओळखले होते. म्हणूनच एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा दामदुपटीचा निर्बंध त्यांनी घातला. दुर्दैव असे की दख्खनच्या सावकारीने त्यालाही वाट काढली. मुदत भरली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यावयाचे. म्हणजे कालचे व्याज आजचे मुद्दल झाले आणि दुपटीची मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू झाली. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापूस तेजीत असताना कुणब्याला सढळ हाताने कर्ज मिळाले. १८६५ त युद्ध सरले, भाव कोसळले, त्यातच जमाबंदीच्या फेरआकारणीने सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यास लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना खते आणि दस्तऐवज हवे होते, आणि ते हाती येताच त्यांनी जाळले.

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्याने न्यायाधीशास खतावरील आकड्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला, आणि मुद्दलात मुरवलेले व्याज हिशेबातून वेगळे काढावे, असे फर्माविले. कायदा उशिरा आला, आणि त्याने सर्व दुःख निवारले असेही नाही. पण ज्या प्रश्नाला त्याने हात घातला तो आजही आपल्या दाराशी आहे. आपली ठेव पतपेढीत असते, वार्षिक सभेला आपण जातो, लाभांश किती टक्के हे विचारतो आणि अहवाल मिटतो. वास्तविक त्याच अहवालात कर्जाची व थकबाकीची पाने असतात. कोणत्या कामासाठी, कोणत्या दराने कर्ज दिले, आणि थकलेल्यांपैकी कितीजणांची कर्जे व्याज मुद्दलात मिळवून नव्याने बांधली, हे सभासदाने सभेत उभे राहून विचारावे, आणि लाभांशाचा ठराव मांडला जाण्यापूर्वी विचारावे.