माझ्या नावाची शेळी

ब्रिटनमध्ये नाताळची भेट म्हणून कुणाला शेळी द्यायची असेल, तर ती ऑनलाईन मिळते. एखाद्या सेवाभावी संस्थेच्या वेबसाईटवर जायचं, शेळीच्या फोटोवर क्लिक करायचं, ती कार्टमध्ये टाकायची आणि कार्डाने पैसे भरायचे. शेळी तुमच्या घरी येत नाही. ज्याला भेट द्यायची आहे त्याच्याही घरी जात नाही. त्याला मिळतं एक शुभेच्छापत्र. त्यावर शेळीचं गोड चित्र असतं आणि आत लिहिलेलं असतं की, तुमच्या नावाने एका गरीब कुटुंबाला मदत देण्यात आली आहे.

ऑक्सफॅमसारख्या मोठ्या संस्थांनी ही कल्पना तिकडे घराघरात नेली. शेळ्या, कोंबड्या, शाळेची पुस्तकं, मच्छरदाण्या, एवढंच काय, संडाससुद्धा असा 'भेट' देता येतो. मी दोन वर्षं लीड्सला ऑनसाईट होतो, तेव्हा टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून मलाही एक शेळी मिळाली. मी मनापासून थँक्यू म्हणालो. मग डेस्कवर बसल्यावर डोक्यात प्रश्न आला: यात मला नक्की काय मिळालं?

हा प्रश्न मोठ्याने विचारायची सोय नाही. विचारणारा स्वार्थी वाटतो. तिकडे कुणाच्या घरात दूध नाही आणि तुला मग हवाय? पण मला वाटतं, हा प्रश्न हावरटपणाचा नाही, नीतीचा आहे. भेट आणि दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? असतील, तर एकीच्या जागी दुसरी ठेवण्याचा हक्क कुणाला आहे?

आधी शेळीच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू भक्कम आहे.

१९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या भेटींवर एक लेख लिहिला. त्याने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला मिळालेल्या भेटींची किंमत तुमच्या अंदाजाने किती असेल, आणि भावना बाजूला ठेवल्या तर त्या वस्तूंचं तुमच्या लेखी मोल किती? दोन आकड्यांत मोठा फरक निघाला. त्याच्या हिशेबाने भेटीच्या किमतीचा किमान दहावा हिस्सा, आणि जास्तीत जास्त एक तृतीयांश, नुसता वाया जातो. मित्रांच्या भेटी बऱ्यापैकी जमलेल्या असतात. लांबच्या नातेवाइकांच्या जास्त फसतात. हे कळायला येलला जायची गरज नाही म्हणा. आपल्या प्रत्येकाच्या घरात माळ्यावर लग्नातले लेमन सेट आणि भिंतीवरची घड्याळं खोक्यासकट पडलेली असतात, पुढच्या लग्नाची वाट बघत.

दुसरा साक्षीदार पीटर सिंगर. १९७२ साली छापून आलेल्या त्याच्या प्रसिद्ध निबंधामागे पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लाखो निर्वासितांचे हाल होते. त्याचं उदाहरण साधं आहे. तुम्ही रस्त्याने चालला आहात, शेजारच्या उथळ तळ्यात एक लहान मूल बुडतंय. आत उतरलात तर कपडे चिखलाने खराब होतील. तरी तुम्ही उतरताच. मग तेच मूल दूरच्या देशात असेल तर कपड्यांचे पैसे द्यायला का कचरता? अंतर हे नैतिक कारण होऊ शकत नाही, असं सिंगर म्हणतो. मला आजवर त्याला नीट उत्तर सापडलेलं नाही.

हे दोघे एकत्र आणले की हिशेब सरळ होतो. एका बाजूला कुणालाच नको असलेला मग, दुसऱ्या बाजूला ज्याला खरंच गरज आहे असं कुटुंब. शेळी जिंकते. इथेच निबंध संपवता आला असता.

पण सिंगरच्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे. चिखलात कपडे भिजतात ते उतरणाऱ्याचे स्वतःचे. त्याने शेजारच्या माणसाचा कोट काढून तळ्यात फेकला आणि 'बघ, तुझ्या नावाने मूल वाचवलं' असं म्हटलं, तर मूल वाचल्याचा आनंद होईलच. पण त्या कोटवाल्याच्या चेहऱ्याकडेही आपण एकदा बघू.

मराठीत यासाठी तयार वाक्प्रचार आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. एखाद्या गोष्टीवर तुळशीचं पान ठेवलं की ती दान झाली, तिच्यावरचा हक्क सोडला. हे पान आपल्या घरावर ठेवायचं असतं. हलवायाच्या घरावर ठेवलं तर पुण्य आपल्या खात्यात आणि खर्च त्याच्या.

यावर कुणीही म्हणेल, की भेटीवर कुणाचा हक्क नसतो. सहकाऱ्याने काहीच दिलं नसतं तरी मी तक्रार करू शकलो नसतो. पैसे त्याचे होते, मग माझं घर कुठून आलं? मुद्दा बरोबर आहे. माझं काही चोरीला गेलेलं नाही. पण मग कार्ड कशासाठी? त्याला शेळी द्यायची होती तर तो सरळ देऊ शकत होता. कार्डावर माझं नाव आल्यामुळे एक जास्तीचं काम होतं: मला भेट देण्याची त्याची सामाजिक जबाबदारी त्याच पैशात फिटते. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच ट्रॅन्झॅक्शन दोन लेजरमध्ये दाखवलं जातं. दानाच्या वहीतही वीस पौंड जमा आणि मैत्रीच्या वहीतही वीस पौंड जमा. खिशातून गेले मात्र वीसच.

गंमत म्हणजे खरा दाता कोण, हे सरकारला पक्कं माहीत असतं. ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' नावाची सोय आहे. कर भरणाऱ्याने दान देताना तसं जाहीर केलं, की प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. ते जाहीर करतो पैसे भरणारा, कार्ड मिळणारा नाही. आपल्याकडेही ८०जीची पावती देणाऱ्याच्याच नावाने निघते. कार्ड म्हणतं 'तुम्ही दिलंत', पावती म्हणते 'यांनी दिलं'. या दोघांत मी पावतीवर विश्वास ठेवतो.

मग भेट म्हणजे काय? मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ सालच्या निबंधात अनेक समाजांतल्या देवघेवीचा अभ्यास करून सांगितलं, की भेटीत तीन बंधनं गुंफलेली असतात: देणं, घेणं आणि परत देणं. भेट कधीच फुकट नसते. ती दोन माणसांना बांधून ठेवते. आपल्याला हे आहेराच्या वहीवरून कळतं. लग्नाच्या हॉलमध्ये एक आत्या किंवा काका वही घेऊन बसतात, कुणी काय दिलं ते लिहून ठेवतात, आणि पाच वर्षांनी त्या घरच्या मुंजीला जाताना ती वही काढली जाते. तरुणपणी आपण त्या वहीला हसतो. पण ती वही म्हणजे 'आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही' याची नोंद आहे.

दानाचं उलटं. दानाने बंधन तयार व्हायला नको. ज्याला दिलं त्याने आपल्यापुढे वाकू नये म्हणून आपल्याकडे गुप्तदान मोठं मानलं जातं. ज्याच्या जन्माचा सण म्हणून हा सगळा खटाटोप चालतो, त्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही दानाचा गाजावाजा करू नये असंच सांगितलं आहे. म्हणजे भेटीवर नाव हवंच आणि दानावर नाव नकोच. शेळीचं कार्ड नेमकं उलट करतं. दानावर नाव छापतं, आणि भेटीतून माणूस काढून टाकतं.

याच ठिकाणी लग्नपत्रिकेतली एक ओळ आठवते: 'कृपया आहेर आणू नये'. अलीकडे काही जोडपी पुढे असंही लिहितात, की द्यायचंच असेल तर अमुक संस्थेला द्या. हे ऐकायला शेळीसारखंच आहे, पण इथे तुळशीपत्र स्वतःच्या घरावर ठेवलंय. ज्याला मिळणार होतं त्यानेच 'मला नको, त्यांना द्या' म्हटलं. पैसे तेच, संस्था तीच, पोचणारी रक्कमही तीच. फरक एवढाच की कुणी कुणाच्या वतीने उदार झालं नाही. माझ्या मते सगळा प्रश्न या एका फरकात आहे. घेणारा आपली भेट सोडू शकतो. देणारा त्याच्या वतीने ती सोडू शकत नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून ठीक आहे, पण त्याची किंमत असते. ती मला पुण्यात आल्यावर कळली. आमच्या ऑफिसात डिसेंबरमध्ये सीक्रेट सँटा असतो. पाचशे रुपयांची मर्यादा, चाळीसेक माणसं. आमच्या मजल्याची चांगली पद्धत अशी की चिठ्ठ्यांमध्ये सिक्युरिटीचे दादा आणि हाऊसकीपिंगच्या मावशीही असतात. त्यांच्या वाटचे पैसे टीम भरते. एका वर्षी कुणीतरी सुचवलं, की मग आणि मोजे वाटण्यापेक्षा सगळे वीस हजार मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊ. चॅटवर पोल आला. भराभर अंगठे पडले. त्या ग्रुपवर मावशी नव्हत्या.

एका मैत्रिणीने चहाच्या मशीनपाशी त्यांना सहज विचारलं, "मावशी, यंदा गिफ्टऐवजी पैसे मुलांच्या शाळेला द्यायचं चाललंय. तुम्हाला काय वाटतं?"

"द्या की, चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "पण चिठ्ठ्या काढणार ना? माझं नाव असतं त्यात."

आमच्यासाठी तो पाचशेचा मग होता. आम्ही तो सोडला तर आमचं काही जात नव्हतं, म्हणून सोडणं सोपं होतं. मावशींसाठी वर्षातून एकदा या ऑफिसात कुणीतरी त्यांना काय आवडेल याचा विचार करत होतं. चाळीस जणांत सगळ्यात कमी पगार असणाऱ्या बाईच्या वाटचं आम्ही तिला न विचारता दान करणार होतो, आणि त्याला उदारपणा म्हणणार होतो.

मी चिठ्ठ्यांच्या बाजूने बोललो. शेवटी चिठ्ठ्या राहिल्या, आणि ज्यांना संस्थेला द्यायचं होतं त्यांनी वेगळे पैसे काढले. ते अकरा हजार जमले. वीस नाही, अकरा. उरलेले नऊ हजार पोचले असते तर काही मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला असता. त्या मुलांना आमच्या भेट आणि दानाच्या फरकाशी काही देणंघेणं नाही. हा आकडा मी लपवत नाही, कारण माझ्या युक्तिवादाची ती खरी किंमत आहे. तरीही पुन्हा वेळ आली तर मी त्याच बाजूने बोलेन. मात्र माझ्या स्वतःच्या पाकिटातून जास्त काढायची तयारी ठेवून. कुणाची भेट वाचवायची असेल तर दानाची तूट भरायची जबाबदारी बोलणाऱ्यावरही येते.

आता त्या शेळीचं काय होतं, हेही बघायला हवं. बहुतेक संस्था बारीक अक्षरांत सांगतात, की शेळी हे प्रतीक आहे. पैसे त्या प्रकारच्या कामाला किंवा गरज असेल तिथे वापरले जातील. यात फसवणूक नाही, आणि हेच शहाणपणाचंही आहे. चारा, पाणी, डॉक्टर नसलेल्या घरी नुसती शेळी नेऊन बांधणं म्हणजे त्या घराला आणखी एक खाणारं तोंड देणं. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात भारतासह सहा देशांतल्या अतिगरीब कुटुंबांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात जनावरासारखं उत्पन्नाचं साधन दिलं होतं, पण त्याबरोबर काही काळ खाण्यापिण्याचा आधार, प्रशिक्षण आणि नियमित भेटीगाठी होत्या. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेली दिसली. म्हणजे काम करतं ते पूर्ण पॅकेज. शेळी त्याचा फोटोजेनिक भाग आहे.

आपल्याकडे ही शंका फार जुनी आहे. कठोपनिषदात नचिकेताचा बाप यज्ञात गायी दान देतो, पण त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या. मुलाला ते खुपतं. तो विचारतो, मग मला कुणाला देणार? सगळं द्यायचं तर आपल्याला प्रिय असलेलंही द्यायला हवं, हा त्यातला टोला बापाला झोंबतो. देण्याची परीक्षा देणाऱ्याकडून काय गेलं यावर होते, हे त्या पोराला कळलेलं होतं.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत हायफर इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेची. डॅन वेस्ट या शेतकऱ्याने ती सुरू केली आणि १९४४ साली गायींची पहिली खेप प्वेर्तो रिकोला गेली. अट एक: ज्या कुटुंबाला गाय मिळेल, त्याने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. मोसने सांगितलेलं 'परत देणं' इथे सापडतं, फक्त ते मागे न येता पुढे जातं. ज्याने घेतलं तोही दाता होतो. त्याची मान खाली राहत नाही.

तर मग यंदा नाताळला किंवा दिवाळीला काय करायचं? मी तीन प्रश्न ठरवलेत. पहिला: ज्याच्या नावाने देतोय त्याला मी विचारलंय का? दुसरा: ही भेट गेल्याने त्याचं काही जातंय का, की आम्हा दोघांच्याही माळ्यावरचं एक खोकं कमी होतंय? तिसरा: मी भेटीचेच पैसे फिरवतोय, की माझ्या खिशातून वेगळे काढतोय? आई-बाबा किंवा जुना मित्र स्वतःहून म्हणाला की मला काही नको, तर त्यांच्या आवडीच्या कामाला आनंदाने द्यावं. नाहीतर एखादं व्हाऊचर द्यावं, ज्यात कुणाला मदत करायची हे घेणारा ठरवतो. कीवासारख्या संस्था अशी सोय देतात. निदान शाकाहारी मित्राच्या नावाने कोंबड्या पाळल्या जाणार नाहीत.

आणि ज्याच्याकडे वर्षभरात फारशा भेटी येत नाहीत, त्याला वस्तूच द्यावी. त्याच्यासाठी दुकानात अर्धा तास उभं राहून, हे त्याला आवडेल का, याचा विचार करून घेतलेली. शेळीचे पैसे वेगळे भरावेत, आणि कार्ड कुणालाच पाठवू नये.