किल्ल्यांचा जुडगा

दिवाळी सरली की तांड्यातली घरं एकामागून एक बंद होत आणि त्यांच्या किल्ल्या याडीच्या, म्हणजे तांड्याच्या आईच्या, कमरेला येत. बीडच्या डोंगरपट्ट्यातला हा बंजारा तांडा, निम्म्याहून जास्त ऊसतोडीवर जगणारा. नव्वद-एक किल्ल्या, सगळ्या सारख्याच. म्हणून याडीनं प्रत्येकीला चिंधी बांधली होती. आरसा टाकलेला तुकडा तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या घराचा, पिवळी चिंधी धाकट्या दिराची.

मुकादमाचा ट्रक वर येत नसे. तो चार किलोमीटरवर फाट्याला थांबे आणि भांडी, बाजली, कोंबड्या, पोरं सगळं पाऊलवाटेनं खाली जाई. एका साली अडलेल्या सुनेला बाजेवर घालून निघाले, तर ती वाटेतच बाळंत झाली. बाळ जगलं, म्हणून ही गोष्ट तांड्यात हसत सांगतात.

2011 च्या फेब्रुवारीत शाळेचे गुरुजी जनगणनेचे फॉर्म काखेत मारून चढण चढून आले. आधीच्या उन्हाळ्यात घरयादीला आले तेव्हा दर उंबऱ्यावर माणूस होतं. आता म्हातारी, शाळकरी पोरं आणि कुलपं. आकडा भरला 231.

याडीनं कोरा चहा पुढं केला आणि जुडगा खळखळवला. "ह्या मोजा की, गुरुजी."

"याडी, नियम आहे. 9 ते 28 फेब्रुवारीत जो घरी नसेल, त्याची नोंद तो सापडेल तिथं. तुमची माणसं तिकडं फडावर मोजली जातील."

"मग रस्ता तिकडं त्यांच्या कोपीला करणार का?"

गुरुजी हसले. चहा संपेपर्यंत मात्र त्यांचं हसू टिकलं नाही. नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यांनी फक्त पाळला.

नायक रस्त्यासाठी ऑफिसात खेटे घालत राहिला. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवरच्या वस्तीला पाचशे डोकी लागतात. डोंगराळ राज्यं आणि आदिवासी क्षेत्रांना अडीचशे. तांडा डोंगरात असला तरी कागदावर तो सपाटीवर होता. 2024 ला योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, म्हणून नायक पुन्हा गेला. साहेबांनी आकडा दाखवला. 2011 चाच, 231.

"साहेब, वाट नाही म्हणून माणसं जातात. माणसं जातात म्हणून वाट नाही."

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले आणि कागद परत दिला.

त्याच साली नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान आलं. तांड्याच्या यादीत मतदारच 512! त्यातले कितीतरी फडावर गेलेले. मतदानाच्या आदल्या रात्री खड्ड्यांतून, दगडांतून आपटत तीन जीप थेट याडीच्या अंगणात आल्या. फडावरची माणसं उतरली. चार किलोमीटरची ती वाट त्या रात्री कुणालाच नडली नाही. किल्ल्या चिंध्यांनिशी वाटल्या गेल्या, नव्वद चुली पेटल्या, सकाळी बोटांना शाई लागली आणि संध्याकाळी किल्ल्या परत याडीकडं आल्या.

पुढं कधीतरी नायकानं बातमी आणली की आता जनगणना 2027 ला.

"कोणत्या महिन्यात?"

"फेब्रुवारीच."

याडी बराच वेळ आरशाची चिंधी बोटाभोवती गुंडाळत बसली. मग म्हणाली, "गुरुजी काय म्हणालं होतं? त्या दिवसांत घरी असला की मोजतात. मग एक रात्र आणू सगळ्यांना. मताला आल्या होत्या त्या जीपवाल्याचा नंबर हाय ना तुझ्याकडं?"

नायकानं तिथंच फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडच्यानं ओळख दाखवली, तब्येत विचारली, तीन गाड्या लागतील हेही ऐकून घेतलं. तारीख ऐकल्यावर मात्र तो थांबला.

"त्या दिवशी कसलं मतदान हाय, नायक?"