अजिंक्यताऱ्यावरून

साताऱ्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या अजिंक्यताऱ्याच्या तटावर जाऊन उभे राहिले असता, पायथ्याला बिलगलेल्या पेठा, पूर्वेस माहुलीजवळचा कृष्णा-वेण्णेचा संगम आणि सभोवार यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर यांचे डोंगर अशा काही प्रमाणबद्धतेने दृष्टीस पडतात की, हे स्थान मुळी सौंदर्यास्वादासाठीच योजिले असावे, असा भ्रम सहज व्हावा. वस्तुतः येथे उभे राहून पाहणे ही शतकानुशतके चाकरी होती. आणि ज्या पहारेकऱ्याच्या नजरेतून क्षितिजावरची धूळ निसटली, त्यास मावळतीच्या रंगांचे गुणगान करून सुटका मिळण्यासारखी नव्हती.

१६९९ च्या अखेरीस खुद्द औरंगजेब वेढा घालून खाली येऊन बसला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी याच तटावरून मोगली मोर्च्यांवर नजर ठेवून कित्येक महिने किल्ला झुंजविला. मोगलांनी पेटविलेल्या सुरुंगाने तट बाहेरच्या अंगास ढासळून त्यांचीच माणसे गाडली गेली, तरी अखेर एप्रिल १७०० मध्ये किल्ला त्यांच्या हाती गेला. पुढे १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झालेल्या शाहू महाराजांनी गडाखाली शहर वसविले आणि राज्याचा कारभार डोंगर उतरून सपाटीवर आला. राज्यकर्त्यास खाली नांदावेसे वाटले, याचा अर्थच असा की क्षितिजाची धास्ती ओसरली होती. आणि डोंगराच्या ज्या रम्यतेचे आपण कौतुक करतो, ती त्या निर्धास्तपणाचेच अपत्य होय.

परंतु निर्धास्तपणालाही त्याचे मोल द्यावेच लागते. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले, तेव्हा त्यांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीच्या सरकारने नामंजूर केला आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्यासाठी ना मोर्चे लागले, ना सुरुंग. कोणत्याही बुरुजावरून दिसू शकला नसता असा तो शत्रू खलित्यांतून आणि कलमांतून चालून आला होता.

म्हणून उंचीवरून दिसणाऱ्या विस्ताराला समग्र ज्ञान समजण्याचा मोह आवरला पाहिजे. तटावरून घरांची छपरे दिसतात, त्या घरांचे करारमदार दिसत नाहीत. आणि नगरांचे भवितव्य बहुधा त्या करारमदारांतच ठरत असल्यामुळे, पहाऱ्याची जागा आता नागरिकाने दफ्तराच्या दाराशीच धरली पाहिजे.