भूतकाळाचें सोंग

सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. गुलामगिरीचें सोंग आणतां येतें काय, आणि येत असलें तरी तें आणावें काय, हा प्रश्न आमच्यापुढें अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत उभा राहिला. वरवर पाहतां तो नाट्यशास्त्रांतला वाटतो. पण त्याचें मूळ नीतिशास्त्रांत आहे.

विल्यम्सबर्ग हें गांव १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी होतें. राजधानी रिचमंडला गेली तेव्हां गांव मागें पडलें, आणि मागें पडलें म्हणूनच बरेंचसें टिकलें. गुडविन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें धाकटे जॉन रॉकफेलर यांचें मन वळविलें, आणि १९२६ पासून त्यांच्या द्रव्यबळावर जुन्या इमारतींची दुरुस्ती, पडलेल्यांची पुनः उभारणी व मधल्या काळांतील घरांची पाडापाड सुरू झाली. आज तेथें अठराव्या शतकाचा वेष केलेलीं माणसें लोहाराचा भाता ओढतात, केसांचे टोप विणतात, छापखान्यांत खिळे जुळवितात.

रिचमंड येथें राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें एका शनिवारीं आम्हां उभयतांस आणि आपल्या बायकामुलांस मोटारींतून तेथें नेलें. मुलांची सकाळ मजेंत गेली. न्यायालयाजवळ अपराध्याची मान व मनगटें अडकविण्याचा लांकडी खोडा आहे. त्यांत मान घालून हंसत हंसत छायाचित्र काढून घेण्याची तेथें रीतच पडली आहे. आमच्या नातवानेंही काढून घेतलें, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. दुपारीं एका धनिकाच्या घरामागील स्वयंपाकघरांत गेलों. तेथें एक मध्यमवयीन कृष्णवर्णीय बाई त्या घरच्या गुलाम स्वयंपाकिणीच्या भूमिकेंत विस्तवापुढें उभी होती. कोणी भांड्यांविषयीं विचारी, कोणी मसाल्यांविषयीं. ती सोंग न मोडतां उत्तरें देई. आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारलें, "संध्याकाळीं तुम्ही घरीं जातां ना?" बाईनें हातांतला डाव खालीं ठेवला. "मी जातें, बाळ," ती म्हणाली, "तिला जातां येत नव्हतें."

परततांना पुतण्या म्हणाला, "काका, मुलांना इथें आणायचें कीं नाहीं, यावर आमच्याकडे दोन आठवडे वाद चालला होता." सूनबाईंचें म्हणणें, सहलीच्या दिवशीं लहान मुलांपुढें असलें दुःख मांडूं नये. पुतण्याचें म्हणणें, तें वगळून नुसते टोप आणि बग्ग्या दाखविल्या तर तें खोटें बोलणेंच झालें. आमचा कौल पुतण्याकडे आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास त्या गांवांतील निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती व त्यांतील बहुतेक गुलाम होते. असें असून पुनरुद्धारानंतरचीं पन्नास वर्षें तेथें जेफर्सन व पॅट्रिक हेन्री यांच्याच गोष्टी प्रामुख्यानें सांगितल्या जात. १९७९ मध्यें कृष्णवर्णीय नटांस भूमिका मिळाल्या, तेव्हां कोठें त्या स्वयंपाकघरांत माणूस दिसूं लागलें. निम्मा गांव झांकून दाखविलेला स्वच्छ भूतकाळ मुलांस शिकवितो तरी काय?

तरीपण सूनबाईंचा आक्षेप वाटतो तितका भाबडा नाहीं. खोड्यांत मान घालून हंसणें आणि गुलामाच्या साखळीपाशीं हंसणें यांत भेद काय? दोन्ही जुन्या गोष्टी. किंबहुना वेदना दोहोंतही होती. आम्हांस दिसणारा भेद असा कीं, खोड्यांतल्या चोराचें दुःख वारसा म्हणून आज कोणी वाहत नाहीं. गुलामाचें वाहणारे लक्षावधि लोक आहेत. रंगभूमीवरील शोकाचा आपण आस्वाद घेतों याचें कारण, भट्टनायकानें सांगितल्याप्रमाणें, त्याचें साधारणीकरण होतें. तो अमक्याचा शोक न राहतां शोकमात्र उरतो. विल्यम्सबर्गच्या अंगणांत तसें घडत नाहीं. विकल्या गेलेल्यांचे आणि विकत घेणाऱ्यांचे वंशज तेथें एकाच दराचें तिकीट काढून शेजारीं शेजारीं उभे असतात.

१० ऑक्टोबर १९९४ रोजीं तेथें गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखविण्यांत आला, तेव्हां कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थांनींच निषेध केला; पूर्वजांची विटंबना प्रवाशांच्या करमणुकीस विकूं नका, असा त्यांचा आशय. प्रयोग योजिला होता तोही तेथील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनींच. विरोधकांपैकीं एका पुढाऱ्यानें तर प्रयोग पाहिल्यावर आपलें मत बदललें. यावरून आम्ही इतकेंच म्हणूं कीं, हें दुःख दाखवावें कीं झांकावें हें ठरविण्याचा पहिला अधिकार ज्यांचें तें दुःख त्यांचा आहे, आणि त्यांच्यांतही एकमत असेलच असें नाहीं. पगारी नोकर म्हणून दिलेली संमति कितपत मोकळी, ही शंका आहेच. ती आमच्यानें फिटत नाहीं.

मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथच्या अशाच वसाहतींत दुसरा मार्ग काढला गेला. ही संस्था १९४७ सालची. तेथल्या मूळ वस्तीचें पॅटक्सेट हें नांव तिनें २०२० मध्यें आपल्या नांवांत घेतलें. इंग्रज वसाहतकऱ्यांच्या खेड्यांत नट सतराव्या शतकांतले होऊन बोलत. पण मूळनिवासी स्त्रीपुरुषांनीं पूर्वजांचा वेष केला तरी सोंग घेतलें नाहीं. ते आजचीं माणसें म्हणून बोलत. आम्ही अजून आहों, हें सांगण्याचा दुसरा उपाय त्यांना नव्हता. आम्हांस ही रीत अधिक पटते. स्वयंपाकघरांतल्या त्या बाईनेंही क्षणभर तीच पत्करली, आणि दिवसभरांत मुलीच्या लक्षांत राहिला तो तोच क्षण.

जातां जातां, शिक्षकाचा पेशा असल्यामुळें, एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. विल्यम्सबर्ग येथें १७६० सालीं कृष्णवर्णीय मुलांसाठीं ब्रे शाळा उघडली होती. मुलांस वाचावयास शिकवीत, आणि त्याबरोबर आपली स्थिति ईश्वरानें नेमून दिली आहे असेंही शिकवीत. पहिलें शिकलेलें मूल दुसऱ्यावर किती काळ विश्वास ठेवील, याचा विचार चालकांनीं केला नसावा. मेकॉलेच्या विद्येवर पोसलेल्या आम्हांस त्यांना हंसण्याचा अधिकार आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

परत आल्यावर हा वृत्तान्त एका स्नेह्यांस कळविला. त्यांना कल्पना फार आवडली. पुण्याजवळ जागा घेऊन पेशवाईंतलें एखादें गांव असेंच जिवंत उभें करावें. वाडा, बाजार, टांकसाळ, पंगती, सारें असावें, असें त्यांनीं लिहिलें. आम्हीं उलट विचारलें कीं, गांवाचा पाणवठाही दाखविणार काय. आणि घागर घेऊन दूर उभी राहणारी, कोणी वरून पाणी घालील तर नेणारी बाई तेथें कोण होणार? १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांना ओंजळभर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नातवंडांस आपण आधीं विचारणार काय? त्यांचें उत्तर आलें: तो विषय नको, कुटुंबें मुलाबाळांसह येणार. विल्यम्सबर्गलाही कुटुंबेंच येतात, असें आम्हीं त्यांस लिहिलें आहे. त्या पत्राचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.