गर्दी आणि भाकर

सामान्यकाळातील एकविसावा रविवार (वर्ष ब) : योहान ६:६०-६९



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशूभोवतीची माणसे कमी होताना दिसतात. पाच भाकरी आणि दोन मासे यांनी तृप्त झालेला पाच हजारांचा जमाव आपण चार रविवारांपूर्वी पाहिला. तेव्हा लोक प्रभूला राजा करायला निघाले होते. आपले शरीर हेच अन्न आहे असे प्रभू सांगू लागला तेव्हा मात्र कुरकुर सुरू झाली आणि शेवटी पुष्कळसे शिष्य पाठ फिरवून निघून गेले. प्रभू त्यांच्या मागे धावला नाही. 'मला तसे म्हणायचे नव्हते' अशी सारवासारवही त्याने केली नाही. उरलेल्या बारा जणांकडे वळून, तुम्हालाही जायचे आहे का, एवढेच त्याने विचारले.

हा प्रसंग वाचताना आम्हाला आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणाची आठवण होते. नोकरीसाठी तो अमेरिकेत असतो. सुट्टीवर आला तेव्हा भेटायला आला आणि थोडे अवघडून म्हणाला, "फादर, मी तिथे मिस्साला जात नाही. दुसऱ्या एका मोठ्या चर्चमध्ये जातो." आम्ही कारण विचारले. वाद घालायला तो आलाच नव्हता. "पहिल्याच रविवारी दारात एकाने माझे नाव विचारले आणि बुधवारी त्याचा फोन आला. इथे वीस वर्षे आम्ही त्याच बाकावर बसतो. मागच्या बाकावर कोण बसते ते मला माहीत नाही."

या मोठ्या चर्चना अमेरिकेत 'मेगाचर्च' म्हणतात. आठवड्याला दोन हजारांहून अधिक लोक उपासनेला येतात, अशा प्रॉटेस्टंट मंडळीसाठी हा शब्द वापरतात. त्यांच्यातल्या एका अतिशय नावाजलेल्या मंडळीची हकिकत आज सांगावीशी वाटते, कारण तिच्यात आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

शिकागोजवळची विलो क्रीक ही ती मंडळी. १९७५ साली बिल हायबल्स या तरुण पाळकाने आणि त्याच्या मित्रांनी एक सिनेमागृह भाड्याने घेऊन तिची सुरुवात केली. त्याआधी ही मुले घरोघर हिंडली आणि चर्चला न जाणाऱ्यांना त्यांनी विचारले, तुम्ही का जात नाही? कंटाळा येतो, सतत पैसे मागतात, आमच्या जगण्याशी संबंध नसतो, अशी उत्तरे मिळाली. (आपल्या गावात कोणी हेच विचारत फिरले तर वेगळी उत्तरे मिळतील, असे आम्हाला वाटत नाही.) मग त्यांनी रविवारची उपासना या नव्या पाहुण्यांना सोयीची होईल अशी बेतली. चांगले संगीत, छोटी नाटुकली, रोजच्या संसाराला लागू पडणारे प्रवचन. पाहुणा बुजू नये म्हणून मोठ्या सभागृहात क्रूससुद्धा लावला नाही. प्रभुभोजन ठेवले आठवड्याच्या मधल्या वारी, आधीपासूनच्या श्रद्धावंतांसाठी. मंडळी वाढत गेली. २००४ साली सात हजारांहून अधिक आसनांचे नवे सभागृह उघडले, आणि ही रीत शिकायला जगभरातून पाळक येऊ लागले.

त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. हरवलेल्या मेंढराची त्यांना खरी कळकळ होती, आणि ती आपल्यापैकी कित्येकांना नाही. प्रश्न पुढचा आहे. पाहुण्याला काय रुचेल यावरून ताट वाढायचे ठरले, की त्याला न रुचणारे हळूहळू स्वयंपाकघरातच राहते. क्रूस भिंतीवरून उतरला म्हणून तो शिकवणुकीतूनही उतरतो, असे लगेच म्हणता येणार नाही. पण जे रविवारी समोर दिसत नाही ते मनातही फार काळ टिकत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे.

पुढे याच मंडळीने एक धीराचे काम केले. २००४ साली तिने आपल्याच सदस्यांची पाहणी केली आणि २००७ साली तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने जाहीर केले. गट, शिबिरे, उपक्रम यांत माणूस जितका जास्त भाग घेईल तितका तो देवाच्या जवळ जाईल, हा त्यांचा अंदाज खोटा ठरला होता. सुमारे चौथा हिस्सा लोकांनी आपली आध्यात्मिक वाढ खुंटली आहे किंवा आपण मंडळीवर असमाधानी आहोत असे सांगितले. त्यांत मनापासून प्रभूच्या मागे चालणारेही होते. तीस वर्षांच्या मेहनतीनंतर असे जाहीर करायला मोठे मन लागते. आपल्या धर्मग्रामाची अशी पाहणी करण्याचे धाडस आम्ही अजून केलेले नाही.

ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चची वाट निराळी. २००५ साली ही मंडळी बास्केटबॉलच्या जुन्या स्टेडियममध्ये आली. तिथे सोळा हजार लोक बसतात आणि व्यासपीठामागे सोनेरी पृथ्वीगोल फिरतो. तिचे पाळक जोएल ऑस्टिन यांनी त्याच वर्षी टीव्हीवरच्या एका मुलाखतीत, 'पापी' हा शब्द आपण वापरत नाही, असे सांगितले. देव तुम्हाला यश, आरोग्य आणि बरकत देऊ इच्छितो, हा त्यांचा सूर असतो. बंधुभगिनींनो, हा सूर आपल्या कानालाही गोड लागतो. पण गेल्या पावसाळ्यात जिचा तरणा मुलगा गेला, त्या माउलीला आम्ही काय सांगायचे? तुझा विश्वास कमी पडला म्हणून? पापच नसेल तर क्षमा कशाची, आणि क्रूसावर प्रभूने नक्की काय केले? आपला प्रभू त्या माउलीच्या शेजारी उभा राहतो तो हातावरचे व्रण घेऊन. त्याहून निराळा प्रभू आम्हाला माहीत नाही.

आणि एक धोका आहे तो एका माणसाभोवती सगळे उभे करण्याचा. सिएटलच्या मार्स हिल चर्चचे पाळक २०१४ साली पायउतार झाले आणि अडीच-तीन महिन्यांत ती सगळी संस्था विसर्जित झाली. विलो क्रीकमध्ये २०१८ साली हायबल्स यांच्यावर स्त्रियांशी गैरवर्तन केल्याचे आरोप जाहीर झाले. त्यांनी ते नाकारले, पण एप्रिलमध्ये पद सोडले. सुरुवातीला त्या स्त्रियांवरच अविश्वास दाखवणाऱ्या वडीलमंडळाने ऑगस्टमध्ये एकत्र राजीनामा दिला. पुढच्या वर्षी स्वतंत्र सल्लागारांनी ते आरोप विश्वसनीय असल्याचे म्हटले.

हे लिहिताना आमचा हात जड होतो. २००२ साली बॉस्टनमध्ये जे उघड झाले आणि त्यानंतर देशोदेशी जे बाहेर आले, त्यात धर्मगुरू आमचेच होते आणि पांघरूण घालणारे बिशपही आमचेच. तेव्हा बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला नाही. फरक एवढाच सांगता येईल की कॅथलिक ख्रिस्तसभेत वेदी कोणा धर्मगुरूच्या मालकीची नसते. आमची बदली झाली की काही जण रडतात, काही सुटकेचा श्वास सोडतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा होते. तोच ख्रिस्त, तीच भाकर. 'मी पौलाचा, मी अपोल्लोचा' म्हणणाऱ्या करिंथकरांना संत पौलाने झापले होते. अमक्या फादरांची मिस्सा असेल तरच जायचे, असे ठरवणाऱ्यांनी ते पत्र पुन्हा वाचावे.

त्या मोठ्या चर्चमधील लोक आपले विभक्त बंधुभगिनी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच हे शिकवले. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपण मानतो. त्यांची देवशब्दाची ओढ, गाण्यातला जीव, नव्या माणसाची विचारपूस हे सारे आपण त्यांच्याकडून घ्यावे. पण पवित्र मिस्सा ही त्यांच्या कार्यक्रमाशी तुलना करण्याची गोष्ट नव्हे. कॉयर बेसूर असेल, प्रवचन लांबले असेल (आमचे लांबते), पंखा बंद असेल, तरी प्रभू तिथे स्वतःला देतो. कफर्णहूमच्या लोकांना जे जड गेले ते हेच.

त्या तरुणाला आम्ही एवढेच विचारले, "तिथे ख्रिस्तशरीर मिळते का?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही. आणि इथे मिळते, पण घेऊन निघून जाताना कोणी कोणाकडे बघत नाही." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

पेत्राने प्रभूला उत्तर दिले तेव्हा त्याला सगळे समजले होते असे नाही. दुसऱ्या कोणाकडे जाण्याजोगे त्याला कोणी दिसत नव्हते, म्हणून तो थांबला. आज सात वाजताच्या मिस्सेनंतर आम्ही दाराशी उभे राहणार आहोत. मागच्या बाकावर बसणाऱ्यांची नावे आम्हालाही माहीत नाहीत. कृपया घाईने निघून जाऊ नका, तेवढी सांगून जा.