खाल्ल्या मिठाचा न्याय

खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण आपल्या घराघरांतून मुलांच्या कानी पडते. पण मीठ घालणारा धनीच अन्यायी असेल तर? बेळगावच्या छावणीवरून जाताना हा प्रश्न आम्हांस नेहमी छळतो. मराठा पलटणींचे केंद्र १९२२ पासून तेथे आहे.

उदाहरण पुढे ठेवून विचार करण्याची वकिलांना खोड असते. म्हणून आम्ही एक शिपाई कल्पनेने उभा करतो. त्याला नाव देत नाही. कारण पुढे येईल. १९१४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो रत्नागिरीकडच्या खेड्यातून भरती झाला. घरी जमीन तुटपुंजी, खाणारी तोंडे फार. त्याला मेसोपोटेमियात नेले. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूट-अल-अमारा वेढले. आत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मापोटी ते मांस दीर्घकाळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि पुढे कैदेत हजारो मेले. आमचा शिपाई वाचला व घरी परतला. १९३९ साली व्हाइसरॉयांनी विधिमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे घोषित केले. तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या या माणसाने पुन्हा वर्दी चढविली आणि नव्या पोरांना कवायत शिकविली. तशीच पोरे पुढे केरेनला व इटलीत लढली. त्यांतील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या शिपायाला कोणी पोटार्थी म्हणतात, कोणी वीर. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. करार वैध ठरण्यास संमती स्वतंत्र हवी. भुकेने दिलेली संमती कायदा मान्य करतो. सदसद्विवेक मात्र अडखळतो. तरीही त्याची संमती खोटीच होती असे म्हणावे, तर त्याने पाळलेला शब्दही आपण त्याच्याकडून हिरावून घेतो. शिवाय पहिले युद्ध साम्राज्यांच्या चढाओढीचे होते, तर दुसऱ्यात नाझी सत्तेचा पाडाव झाला. कारण त्याने दोन्ही वेळा निवडले नाही. वर्तन दोन्ही वेळा तेच. मग तोच माणूस १९१६ साली दोषी आणि १९४४ साली निर्दोष, हा कोणता न्याय? युद्ध का पुकारले, याचा जाब ते पुकारणाऱ्याने द्यावा.

मग शिपायाला काहीच जाब नाही काय? आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारे शिपाईही तेच मीठ खाल्लेले होते. आणि २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला नि:शस्त्र जमावावर गोळी चालविण्यास नकार देणारे चंद्रसिंग गढवाली व त्यांचे सोबतीही तेच मीठ खात होते. गढवाली पहिल्या महायुद्धात लढलेले. नकारासाठी त्यांनी दीर्घ कारावास सोसला. मिठाने हात बांधला जातो, अंत:करण नव्हे. बंदूक कोणावर रोखली आहे, हे पाहण्याचे उत्तरदायित्व शिपायाला कोणावरही ढकलता येत नाही.

मात्र करार म्हटला की पक्ष दोन. शिपायाने शब्द पाळला, धन्याने? बसरा येथे १९२९ साली स्मारक उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्मरणातील अशा भेदभावाबद्दल क्षमा मागितली ती एप्रिल २०२१ मध्ये. आमच्या शिपायाला नाव दिले नाही ते याचसाठी. त्याच्या शेजारी पडलेल्यांना ते मिळाले नाही.

ज्याने राबवून घेतले त्यानेही शिपायाच्या घामाचे मीठ खाल्ले होते. जागण्याचे कर्तव्य त्याच्याकडेही होते. धनी निघून गेला. पण तो शिपाई आमच्याच वाडीचा होता आणि स्वातंत्र्यानंतर आम्हीही त्याला विसरलो, कारण तो आमच्या इतिहासात नीट बसत नव्हता. गावोगावच्या ट्रंकांत अशी पदके अजून पडली असतील. ती कोणाची, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून नाव लिहून ठेवावे. एवढे मीठ तरी आपण खाल्ले आहे.