ताण आणि तोल

गिटार मांडीवर घ्या, पण अजून वाजवू नका. नऊच्या तारा उतरवून दहाच्या चढवल्या आहेत. सहाही तारा खुंट्यांवर नीट गुंडाळल्या आहेत, तरी सूर काही बसत नाही. पेचकस हातात घेण्याआधी थोडे थांबा. श्वास आपोआप संथ होऊ द्या. आज आपल्याला एकच गोष्ट निरखायची आहे, ती म्हणजे ताण.

तुम्ही नाकाडोंगरीत बसला आहात. हा तुमसर तालुका मँगनीजचा. जवळच डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. चिखल्याला माणसे जमिनीखाली उतरून तेच खनिज काढतात. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते, आणि तुमच्या पायाशी असलेल्या पेडलमधल्या नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीतही हेच द्रव्य असते. तारेच्या पोलादात कार्बनच्या जोडीला थोडे मँगनीज असते, शंभरात साधारण अर्धा भाग. पोलादातल्या गंधकाला ते बांधून ठेवते, म्हणून पोलाद ठिसूळ होत नाही आणि तार ओढ सोसते. पहिल्या तारेवर अंगठा टेकवा. डोंगरातला हा धातू तुमच्या बोटाखाली ताणलेला आहे. क्षणभर तो स्पर्श तसाच राहू द्या.

आता त्या ओढीचे माप मनात घ्या. नऊची तार म्हणजे इंचाचे नऊ हजारांश, सुमारे 0.23 मिलिमीटर. दहाची तार सुमारे 0.25. हा फरक बोटाला जेमतेम कळतो. पण लांबी तीच आणि सूर तोच ठेवला, की ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे या एकाच तारेची ओढ जवळजवळ पाव हिश्शाने वाढली. 648 मिलिमीटर लांबीच्या तारांवर नऊच्या संचाची एकूण ओढ सुमारे 38 किलो वजनाइतकी भरते, दहाच्या संचाची सुमारे 46 किलो. मांडीवरचे लाकूड निवांत दिसते आहे, आणि त्याच्यावर धानाच्या भरल्या पोत्याएवढा जोर आहे. तो जोर मनाने तोलून पाहा.

गिटार आडवी धरून ब्रिजकडे बाजूने बघा. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हापासूनची ही रचना. ब्रिजची पट्टी पुढच्या सहा स्क्रूंवर टेकलेली असते आणि तिला जोडलेल्या बारने हलवली की त्या टेकूवर झुलते. समोरून तारा ओढतात. मागच्या बाजूला, झाकणाखालच्या खोबणीत, स्प्रिंगा उलट ओढतात. दोन्हींचा जोर टेकूपाशी सारखा झाला, की पट्टी थांबते. आत्ता ती मागून उचलली गेली आहे, तारांकडे झुकली आहे. त्यामुळे तारा फळीपासून वर गेल्या आहेत आणि बोटांना जड लागताहेत. ब्रिज बिघडलेला नाही. समोरची ओढ वाढली आणि मागची होती तेवढीच राहिली, एवढेच तो दाखवतो आहे. जे दिसते ते दोष न देता पाहा.

एखादी तार सुरात आणा आणि बाकीच्या पाच ऐका. त्या उतरल्या असतील. जाड तार वर चढवली की पट्टी आणखी झुकते आणि इतर तारांची ओढ सैल होते. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी जागची हलत नाही, म्हणून तिथे एक तार लावताना शेजारची तार फारशी ढळत नाही. इथे सहाही तारा एकाच झुलत्या पट्टीला बांधलेल्या आहेत. एकीचे काम पूर्ण करून दुसरीकडे वळावे, ही सवय इथे चालत नाही. सगळ्यांकडे थोडे थोडे जायचे, आणि पुन्हा पहिलीकडे यायचे. म्हणून आता सहाही तारा एकेक करून सुरापर्यंत आणा. पुन्हा पहिलीपासून सुरू करा. प्रत्येक फेरीत चूक आधीपेक्षा लहान होत जाते, हे कानाने अनुभवा.

सूर बसले, पण पट्टी अजून झुकलेली आहे. गिटार उलटी करून मऊ कापडावर ठेवा आणि मागचे झाकण काढा. स्प्रिंगा जिला अडकवलेल्या असतात ती लोखंडी पकड दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. अशा बहुतेक गिटारांत तीन स्प्रिंगा असतात. जागा पाचांची असते. दोन्ही स्क्रू पाव फेरा आत घ्या, दोघांना सारखेच. थांबा. गिटार सुलटी करा. मागची ओढ वाढल्यामुळे सगळे सूर चढले असतील. ते खाली आणा. पट्टीकडे बघा. पुन्हा पाव फेरा, पुन्हा सूर. पट्टीची मागची कड लाकडापासून सुमारे तीन मिलिमीटर वर राहिली, की थांबायचे. स्क्रू बराच आत जाऊनही पट्टी खाली येत नसेल, तर जोर करू नका. आणखी एक स्प्रिंग लावा आणि स्क्रू थोडे सैल करून पुन्हा सुरुवात करा.

इतका वेळ हात मागे होते आणि कान समोर. ज्या बाजूला वाजवणाऱ्याचा हात कधी जात नाही, तिथल्या पाव फेऱ्याने समोरचे सहाही सूर बदलले. ही जोड मनात ठेवा.

आता नेककडे बघा. वाढलेल्या ओढीने ती किंचित वाकली असेल, तर तिच्या आतल्या ट्रस रॉडने सावरा, तेही थोडे थोडे. रोवणीच्या दिवसांतली ओली हवा आणि वैशाखातली कोरडी हवा याच लाकडात मुरते, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा बघायला हवे. मग ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेल्या सॅडलची उंची घ्या. शेवटी प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवा: दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. हे काम शेवटीच करायचे, कारण पट्टी हलली की आधीची सगळी मापे हलतात.

बार दाबा, सोडा. सूर परत आले का, ऐका. नव्या तारा काही काळ ताणल्या जातात, त्यामुळे सुरुवातीला पुन्हा सूर लावावे लागतील. त्यात काही बिघडलेले नाही. ओढ आठ किलोंनी वाढली आहे आणि पट्टी तोलात आहे. भार वाढला म्हणून तोल गेलाच पाहिजे असे नाही. समोर जेवढे वाढले तेवढे मागे वाढवायला तुम्ही वेळ दिलात. जीवनातले जे ओझे आज वाढलेले वाटते, त्याच्याकडेही याच क्रमाने बघा: आधी माप, मग मागची बाजू, मग पाव फेरा. आणि आता वाजवा.